उंबऱ्यापलीकडची हवा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठापासून दोन गल्ल्या आत, मुलींची एक शाळा होती. तिथे शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास भरतकामाचा असे. एकोणीसशे साठ सालच्या जूनमध्ये गणिताच्या कुंदाबाईंनी तो तास आठवीसाठी मागून घेतला.

मुख्याध्यापिका गोदावरीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "भरतकाम बंद करून काय करणार?"

"कातडं मढवलेल्या नळीतून कसा आवाज येईल ते मुली गणित करून सांगतील," कुंदाबाई म्हणाल्या.

"नळी वाजवली की कळेलच की."

"वाजवायच्या आधी सांगतील."

गोदावरीबाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. गणित त्यांना आवडत नसे, पण पैज आवडत असे. शेवटी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची मुदत दिली. तोवर मुलींनी सांगितलेला सूर आणि नळीचा खरा सूर जुळला, तर शनिवारचा तास कायमचा कुंदाबाईंचा. नाही जुळला, तर सुई-दोरा परत येणार. आणि मधल्या काळात कुणी गुपचूप वाजवून पाहू नये म्हणून नळी त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या कमरेला.

नळी पत्र्याची होती, सव्वा फूट लांब. एका तोंडाला डाख देऊन बूड पक्कं बंद केलेलं, दुसरं तोंड उघडं. त्या तोंडावर घट्ट बसेल असं एक कडं होतं, आणि ते खुशालरावांनी बकऱ्याच्या पातळ कातड्यानं मढवून दिलं होतं. खुशालराव गल्लीच्या तोंडाशी ढोलक्या मढवत बसत. कडं नुसतं हातात धरून टिचकी मारली की त्यातून एक सूर येई. पेटीवर तो सूर कुंदाबाईंनी शोधला आणि त्यालाच 'सा' म्हणायचं ठरवलं. आता हेच कडं नळीवर बसवलं की आतली कोंडलेली हवा कातड्याला रेटणार आणि सूर चढणार, एवढं सगळ्यांना पटलं. किती चढणार, हा प्रश्न होता.

"हे गणित करायला मुंबईकडं एक यंत्र आलं आहे म्हणतात," कुंदाबाईंनी वर्गाला सांगितलं. "आपल्याकडं यंत्र नाही. पण तुम्ही बत्तीस जणी आहात."

कुंदाबाई अमरावतीच्या बापूसाहेबांच्या हाताखाली पदार्थविज्ञान शिकल्या होत्या. मोठं गणित लहान लहान तुकडे करून खाता येतं, हे बापूसाहेबांनी त्यांना शिकवलं होतं. त्यांनी बाक भिंतीला लावले आणि फरशीवर खडूनं चौकटी आखल्या. मधल्या नऊ चौकटींत नऊ मुली बसल्या. त्या म्हणजे कातडं. त्यांच्या भोवती बारा मुली, त्या म्हणजे कडं. कातडं कड्याला आवळून बांधलेलं असतं, तिथे ते हलत नाही, म्हणून त्या बारा जणींच्या पाटीवर कायम शून्य. ज्यांना गणिताचा कंटाळा होता त्यांनी ताबडतोब कड्यावर नंबर लावला.

नऊ जणींना काम होतं. प्रत्येकीच्या पाटीवर एक आकडा, म्हणजे कातड्याचा तेवढा तुकडा किती वर उचललेला आहे ते. मधोमध अनुपमा, तिच्याकडे शंभर. तिच्या चार बाजूंना एकाहत्तर, चार कोपऱ्यांना पन्नास. बोटानं मधोमध उचलून सोडलेलं कातडं असंच दिसतं.

"आता मी पट्टी आपटली," कुंदाबाई म्हणाल्या, "की प्रत्येकीनं आपल्या चार शेजारणींकडं बघायचं. त्या खाली असतील तर त्या तुला खाली ओढणार. किती, ते फळ्यावर लिहिलेल्या रीतीनं काढायचं. नवीन आकडा लिहायचा आणि थांबायचं. एक ठोका म्हणजे सेकंदाचा दहा-हजारावा भाग."

"मंग एका तासात किती सेकंद होतील, बाई?" ललितानं विचारलं. ललिताचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. घरात घड्याळावर सगळं चाले, म्हणून तिला वेळेचा हिशोब आधी सुचत असे.

"एका तासात वीस ठोके झाले तर सेकंदाचा पाचशेवा भाग."

वर्ग हसला. पण मुलींना त्यातच गंमत वाटली. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट इतकी हळू करायची की तिच्या पोटात बसून डबा खाता येईल.

पहिल्या शनिवारी मुलींनी आकडे ओरडून सांगितले. गोदावरीबाई शेजारच्या वर्गातून आल्या आणि दारात उभं राहून म्हणाल्या, "कापसाचा लिलाव संपला की मला बोलवा." तेव्हापासून तोंड बंद. शेजारणीला पाटी वर धरून दाखवायची, लांबच्या मुलीला चिठ्ठी द्यायची.

नुसत्या कातड्याचं गणित चार शनिवार चाललं. अनुपमाचा आकडा शंभरावरून खाली खाली गेला, शून्याच्या पार गेला, उणे शंभराला टेकला आणि परत चढत सहासष्टाव्या ठोक्याला शंभरावर आला. चार शनिवारांत सेकंदाचा दीडशेवा भाग संपला होता. हा नुसता सराव होता, कारण कड्याचा सूर आधी ऐकूनच कुंदाबाईंनी फळ्यावरची रीत बेतली होती. पण शंभरावरून निघालेली अनुपमा शंभरावर परत आली, तेव्हा कड्यावरच्या शून्यवाल्या मुलींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मग हवेची पाळी आली. नळीतली हवा म्हणजे दहा मुलींची ओळ. पण वर्गात जागा उरली नव्हती, म्हणून ओळ बसली बाहेर व्हरांड्यात, दारापासून थेट पाण्याच्या माठापर्यंत. ओळीतली पहिली ललिता, उंबऱ्याला लागून. माठाशी बसलेली शेवटची मुलगी म्हणजे नळीचं बूड. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला मनकर्णा. तिचं काम निरोप्याचं. नऊ जणींचे आकडे गोळा करून कातडं एकूण किती हललं ते तिनं ललिताला द्यायचं. ललितानं त्यावरून दारातल्या हवेचा दाब काढून मनकर्णेला द्यायचा. मनकर्णेनं तो फळ्यावर लिहायचा आणि नऊ जणींनी आपल्या पुढच्या आकड्यात तो धरायचा. कातडं हवेला ढकलतं, हवा कातड्याला ढकलते.

"दोघी उंबऱ्याला लागूनच आहात," कुंदाबाई म्हणाल्या. "हात लांब केला की झालं."

हवा किती जोरानं रेटते ते काढायला कातड्याचं वजन लागत होतं. खुशालरावांनी त्याच कातड्याचं कात्रण दिलं, आणि शाळेचे शिपाई शेषराव ते सराफाच्या तराजूत तोलून घेऊन आले. "सराफानं विचारलं, कोनता दागिना हाय," शेषराव म्हणाले. "म्या म्हनलं, बकरीचा."

ऑगस्ट सरला. एकेका ठोक्याला आता जास्त वेळ लागे. पट्टी वाजे, मनकर्णा चिठ्ठ्या गोळा करी, बेरीज करी, बाहेर जाई, आत येई, फळ्यावर लिही. चौथ्या शनिवारी अनुपमा खालून वर येऊ लागली. नव्वद. शंभर. कड्यावरच्या मुलींनी टाळीसाठी हात वर केले. पण आकडा शंभरावर थांबला नाही. एकशेनऊ. एकशेचौदा. एकशेअठरापर्यंत जाऊन तो वळला.

अनुपमा पाटीकडे बघत राहिली. "बाई, मी जास्त झाली."

कुंदाबाईंनी खडू खाली ठेवला. "झोका हातात धरून सोडला, तर परत येताना तो हातापेक्षा उंच जातो का?"

"नाही, बाई. कुनी ढकलला तर जाते."

"मग आपल्या कातड्याला कुणी ढकललं?"

कुणी कबूल होईना. मुलींनी एकमेकींवर संशय घेतला. कड्यावरच्या एका मुलीनं शून्याऐवजी तीन लिहिलं होतं असा आरोप झाला, आणि तिनं रडवेली होऊन चार शनिवारांच्या शून्यांची वही दाखवली. कुंदाबाई बत्तीस वह्या घरी घेऊन गेल्या. आठवडाभर शाळेतून आल्यावर त्या ओट्यावर बसून एकेक बेरीज तपासत होत्या. दोन-चार ठिकाणी दशांश चिन्ह घसरलं होतं, पण त्यानं एकशेअठरा होत नव्हते. त्यांनी अमरावतीला बापूसाहेबांना कार्ड टाकलं. उलट टपाली उत्तर आलं, दोनच ओळींचं: बेरजा बरोबर असतील तर चूक पाटीवर नाही. पाटीच्या बाहेर शोधा.

दिवाळीच्या सुट्टीला दोन शनिवार उरले होते. गोदावरीबाईंनी भरतकामाच्या फ्रेमा माळ्यावरून काढून उन्हात ठेवायला सांगितल्या. कसर लागली असेल, म्हणाल्या. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, पण व्हरांड्यातून जाताना आठवीच्या मुली त्या फ्रेमांकडे बघत नसत.

त्या आठवड्यात एका सकाळी कुंदाबाईंच्या दारात पार्बताबाई दूध घेऊन आल्या. कुंदाबाई भांडं घेऊन दारापर्यंत गेल्या. पार्बताबाईंनी माप पुढे केलं.

"थांबा, बाहेर येते," कुंदाबाई म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर आल्या. उंबऱ्यावरून काही देऊ नये, घेऊ नये. त्यांच्या आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. त्याचा विचार करायची कधी वेळ आली नव्हती.

दूध घेऊन त्या आत वळल्या तेव्हा पार्बताबाईंनी हाक मारली. "बाई, हे तुमच्या भांड्याचं झाकन घ्या. कालचं हाय. काल मी हात पुढं केला, तं तुमी आत निघून गेल्ता. म्हनलं, उद्या येतीन बाहेर तवा देऊ."

कुंदाबाईंनी झाकण घेतलं. कालचं झाकण, आजच्या दुधाबरोबर. त्या तशाच उभ्या राहिल्या. एका हातात दूध, एका हातात झाकण.

"काय झालं, बाई? दूध कमी वाटून राहिलं काय?"

"नाही, पार्बताबाई. दूध बरोबर आहे. झाकण उशिरा आलं."

"एका दिवसानं काय बिघडते?"

"अठरा," कुंदाबाई म्हणाल्या आणि हसू लागल्या. पार्बताबाईंनी त्यांच्याकडे जरा काळजीनं बघितलं आणि पुढच्या घरी गेल्या.

शनिवारी कुंदाबाईंनी मुलींना आपापल्या जागी बसवलं. "आज गणित नाही," त्या म्हणाल्या. "नुसता एक ठोका, रोजच्यासारखा. मी बघणार आहे." आणि फळ्याकडे पाठ करून त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतके दिवस त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

पट्टी वाजली. मनकर्णेनं बेरीज केली, चिठ्ठी घेतली, उठली, उंबरा ओलांडून व्हरांड्यात गेली, ललिताला चिठ्ठी दिली. ललिताकडून दुसरी एक चिठ्ठी घेतली आणि आत आली.

"थांब. ही चिठ्ठी कोणत्या ठोक्याची?"

मनकर्णेनं चिठ्ठी उलटसुलट केली. "मागच्या ठोक्याची, बाई. या ठोक्याची ललिता अजून काढून राहिली. ते मी पुढच्या वेळी बाहेर जाईन तेव्हा घेईन."

"मी तर आवाज देते हिले," बाहेरून ललिता म्हणाली. "मी हात आत करते, हे घेतच नाही."

"उंबऱ्यावरून कोणी घेते काय?" मनकर्णा म्हणाली. "माही आजी रागावते."

"मी देते, मले तं काही झालं नाही."

"तुले नाई झालं. माह्या आजीनं पाहिलं तं मले होईन."

वर्ग हसला, पण बऱ्याच मुली मनकर्णेच्या बाजूनं मान हलवत होत्या. कुंदाबाईही हसल्या. "मनकर्णे, तुझी एकटीची चूक नाही. मी खडू द्यायलासुद्धा उंबरा ओलांडून बाहेर जाते. म्हणून तर तू बाहेर जाताना दिसत होतीस आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही."

मग त्यांनी झोक्याचं उदाहरण घेतलं. "झोका तुमच्याकडं येतो. तुम्ही हात पुढं करून त्याला थोपवता. वेळेवर हात लावला, तर तो थांबतो आणि परत फिरतो. तोच हात उशिरा लावला तर? झोका परत फिरलेला असतो. मग तो थोपवणारा हात काय करतो?"

"ढकलते," अनुपमा म्हणाली.

"हवा कातड्याला थोपवत होती. पण तिचा हात दर वेळी एक ठोका उशिरा पोचत होता. कातडं वर निघालं तरी मागच्या ठोक्याचा रेटा लागत होता. असा थोडा थोडा ढकलून तुझा एकशेअठरा झाला."

मुलींनी हिशोब केला. पन्नास ठोके वाया गेले होते आणि हातात जेमतेम दोन शनिवार होते, त्यातला एक निम्मा संपला होता. कुणी म्हणालं, ललितानंच उठून आत यावं. पण ती उठली की तिच्या पाठची मुलगी कुणाची पाटी बघणार? कुणी म्हणालं, ओळच आत घ्यावी. जागा नव्हती. मनकर्णेनं आकडा निघेपर्यंत बाहेरच थांबावं, तर पन्नास ठोक्यांना वेळ पुरला नसता. एकीनं मनकर्णेला बदलायचं सुचवलं, तर मनकर्णेचे डोळे भरले. बेरजेत तिच्याइतकी चपळ कुणीच नव्हती.

कुंदाबाई पट्टी मांडीवर ठेवून बसल्या. त्यांना वाट बघता येत असे.

शेवटी मनकर्णाच नाक पुसून म्हणाली, "बाई, दिलं नाही, नुसतं सांगितलं तं चालते काय? माही आजी उंबऱ्यावरून काही देत नाही, पन बोलते तं अख्ख्या गल्लीशी बोलते."

ललिता बाहेर खो-खो हसली. कुंदाबाईंनी गोदावरीबाईंकडे जाऊन परवानगी मागितली. दोनच मुली बोलतील, त्याही हळू. गोदावरीबाई म्हणाल्या, "लिलाव नको, एवढंच."

त्या दिवशी उरलेल्या वेळात आठच ठोके झाले. पण सोमवारपासून आठवीच्या मुली शाळेआधी अर्धा तास येऊ लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चिठ्ठीची ये-जा संपल्यामुळे ठोके झपाट्यानं होत होते. मनकर्णा उंबऱ्याच्या आत कान लावून बसे, ललिता बाहेरून दबक्या आवाजात आकडा सांगे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटे की दोघी कुणाची तरी चहाडी करताहेत.

शेवटच्या शनिवारी तास सुरू झाला तेव्हा एकोणचाळीस ठोके झाले होते. गोदावरीबाई खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. खुशालरावही आले होते, आपल्या कड्याचं काय होतं ते बघायला. शेषराव घंटेचा हातोडा हातात धरून व्हरांड्याच्या टोकाला उभे होते.

त्रेचाळीस. चव्वेचाळीस. अनुपमा चढत होती. सत्तेचाळीसाव्याला तिच्या पाटीवर एक्याण्णव. एकोणपन्नासाव्याला शहाण्णव. पन्नासाव्या ठोक्याला सत्त्याण्णव पूर्णांक चार.

"हाच शेंडा?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "पुढचा आकडा कमी आला तर हाच शेंडा. एक ठोका हवा."

गोदावरीबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शेषरावांनी हातोडा उचलला. तास संपला होता. गोदावरीबाईंनी घड्याळ कानाला लावलं, मग पदराखाली झाकलं.

"शेषराव," त्या म्हणाल्या, "तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे."

"माह्याकडं घड्याळच कुठी हाय, बाई," शेषराव म्हणाले आणि हातोडा खाली केला.

पट्टी वाजली. मनकर्णेनं बेरीज सांगितली. बाहेर ललिताची पेन्सिल कुरकुरली. तिनं आकडा सांगितला, मनकर्णेनं फळ्यावर लिहिला, नऊ माना पाटीवर वाकल्या. अनुपमानं दोनदा तपासलं आणि पाटी वर धरली. शहाण्णव पूर्णांक नऊ.

"फिरलं," कड्यावरची एक मुलगी म्हणाली.

"पण शंभराला अडीच कमी का?" गोदावरीबाईंनी विचारलं. आता त्यांनाही चैन पडत नव्हतं.

"ते आमच्यापाशी हाय, बाई," बाहेरून ललिता म्हणाली. व्हरांड्यातल्या दहा जणींनी आपापल्या पाट्या उंच केल्या. बारीक बारीक आकडे, पण शून्य एकही नाही. कातड्यानं घालवलेलं हवेत खेळत होतं.

कुंदाबाईंनी फळ्यावर लिहिलं. नुसतं कातडं: सहासष्ट ठोके. नळीवरचं कातडं: पन्नास. सहासष्टाला पन्नासानं भागलं तर एक पूर्णांक बत्तीस. मनकर्णा पेटी शिकत होती. तिला विचारलं, 'सा'च्या एवढ्या पटीजवळ कोण बसतो?

"मध्यम," ती म्हणाली. "किंचित उतरलेला."

गोदावरीबाईंनी किल्ली काढली. कपाटातून नळी आली. खुशालरावांनी कडं तिच्या तोंडावर दाबून बसवलं, कडेनं अंगठा फिरवून फट नाही ना ते पाहिलं, आणि पेटीवर मनकर्णेनं आधी 'सा' आणि मग मध्यम दाबून धरला. खुशालरावांनी मधोमध टिचकी मारली.

त्यांनी मान तिरपी केली. परत मारली.

"कसं काय बाप्पा," ते हळूच म्हणाले. "मध्यमच हाय. केसभर खाली. हे तं मले बी वाजवल्याबिगर सांगता आलं नसतं."

वर्गात जो गलका झाला त्याला कापसाचा लिलाव म्हणणंसुद्धा कमी पडलं असतं. गोदावरीबाईंनी तो होऊ दिला. शेषरावांनी मग घंटा दिली, पण ती कुणी ऐकली नाही.

मुली पांगल्यावर गोदावरीबाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. "तास तुमचा," त्या म्हणाल्या. "नळीही तुमच्याच वर्गात ठेवा. ही किल्ली घ्या कपाटाची, मला ती बांधून फिरायचा कंटाळा आला." त्यांनी हात पुढे केला. आत कुंदाबाईंनीही हात पुढे केला. दोन्ही हात उंबऱ्याच्या वर आले आणि थांबले. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग गोदावरीबाई उंबरा ओलांडून आत आल्या आणि किल्ली दिली.

त्यांच्या मागून ललिता परत आली. तिची पाटी उंबऱ्याशी राहिली होती.

"बाई," ती म्हणाली, "सुट्टी झाल्यावर नळीचं बूड कापून टाकलं तं? मंग शेवटच्या पोरीनं पाटीवर कोनता आकडा धरायचा?"

कुंदाबाईंनी किल्ली पदराला बांधता बांधता तिच्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?"

ललिता पाटी छातीशी धरून माठापर्यंत गेली, बुडाच्या मुलीच्या जागेवर बसली आणि व्हरांड्याच्या उघड्या टोकाकडे बघत विचार करू लागली.